सुई कुठे थांबवायची

मुठीत मावेल एवढं इंजिन असतं ते. असल्या इंजिनांवर आमचं घर चाललं हे मी सांगते, तेव्हा लोकांना थट्टा वाटते. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीत, एका जिन्याच्या पोटाखाली आमची दुकानाची खोली होती. शेजारी हॉर्न विकणारा, वर सीटकव्हरं शिवणारे. येणारा-जाणारा आत डोकावून विचारायचा, "भाभीजी, ये किस गाड़ी का इंजन है? मोपेड का?" मी म्हणायचे, "हवाई जहाज़ का." तो हसायचा, मीही हसायचे, आणि आतल्या बाजूला मधुकर मान वर न करता पिस्टन पुसत राहायचे.

मधुकर म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो'च म्हणायचे. पण लिहिताना सारखं 'हे' आणि 'ह्यांनी' केलं तर वाचणारा गोंधळेल, म्हणून इथे नाव घेते. ते आता नाहीत, रागावणार नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या कामाबद्दल लिहा." काम खरं तर मधुकरांचं. ते माझ्याकडे कसं आलं तेवढं मी सांगू शकते, आणि ते सुखाने आलं नाही.

मधुकर हवाई दलात इंजिन फिटर होते. लढाऊ विमानांची इंजिनं. नोकरीची मुदत संपली तेव्हा बाकीचे लोक बँकेत नाहीतर सिक्युरिटीत लागले. ह्यांनी छोट्या विमानांचा नाद धरला. त्या काळी दिल्लीत हा शौक असलेले पुष्कळ होते. छावणीतले फौजी होते, कॉलेजातले शिक्षक होते, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतले एक-दोन बाबू होते. विमान हाताने बनवायचं, हलक्या लाकडाचं, वर कागद चिकटवलेला. ते रेडिओवर उडत नाही, तारेवर उडतं. उडवणारा मैदानाच्या मधोमध उभा असतो, त्याच्या हातात एक मूठ, मुठीला दोन बारीक पोलादी तारा, आणि तारांच्या टोकाला विमान. ते त्याच्याभोवती गोल फिरतं. मूठ एका बाजूला कलवली की नाक वर, दुसऱ्या बाजूला कलवली की खाली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस स्वतःभोवती फिरतोय. खरं कसब असं की तार क्षणभरही ढिली पडता कामा नये. ढिली पडली की विमान तुमचं राहत नाही.

आणि ह्या सगळ्याच्या पुढे ते इंजिन. ह्याला मोटरसायकलसारखी ठिणगी नसते. प्लगच्या आत केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. सुरू करताना एका सेलची क्लिप प्लगला लावायची, वेटोळं लाल होतं, लाकडी दांड्याने पंखा फिरवायचा. इंजिन पेटलं की क्लिप काढून घ्यायची. पुढे ते स्वतःच्या उष्णतेवरच वेटोळं लाल ठेवतं. इंधन किती जायचं ते एका सुईसारख्या स्क्रूवर असतं. सुई उघडी असली की इंधन जास्त. इंजिन गुरगुरतं, अडखळतं, मधला एकेक ठोका गिळतं. ह्याला रिच म्हणतात. सुई आत फिरवत नेली की आवाज चढत चढत सलग होतो, धार येते. आणखी फिरवली की लीन. लीन इंजिन ऐकायला सुरेख लागतं, पण आतून जळत असतं, कारण त्याला वंगणही त्याच इंधनातून मिळतं. म्हणून वरची धार सापडली की तिथून सुई जरा मागे आणायची. मग विमान हातात धरून नाक आभाळाकडे करायचं. आवाज किंचित चढला तर ठीक, बसला तर अजून मागे. वर गेल्यावर पंख्यावरचा भार कमी होतो, इंजिन आपोआप जोरात फिरतं, त्याची जागा खालीच राखून ठेवायची असते.

तंबोरा लावतात तसं इंजिन लावायचं, असं मधुकर म्हणायचे. मीटर नाही, काटा नाही. सुई कुठे थांबवायची ते कान सांगतो.

त्यांचा कान काय होता म्हणून सांगू! मैदानावर पाठ करून चहा पीत असले तरी मध्येच म्हणायचे, "त्या पलीकडच्याचा पंखा सैल आहे." जाऊन बघावं तर सैल. एकदा गिऱ्हाईक इंजिन चालवून दाखवत होतं. ह्यांनी हात वर करून बंद करायला लावलं आणि म्हणाले, "टंकी में कचरा है." टाकी कापली तर आत डाग देताना पडलेला कथलाचा कण. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे. महाराष्ट्रातल्या माणसाला करोल बागेत कुणी उस्ताद म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

माझ्याकडे इंधनाचं खातं होतं. मिथेनॉल आणि एरंडेल. मिथेनॉल विषारी, आग दिसतही नाही असं जळणारं, त्यामुळे मापं करताना मी कुणाला आत येऊ देत नसे. एरंडेलाचा वास मात्र केसांत, पदरात, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा जायचा. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले की बायका हळूच विचारायच्या, "कुणाचं पोट बिघडलंय का हो घरी?"

आमचं सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक म्हणजे सुभेदार जगताप. साताऱ्याकडचे, छावणीत राहायचे, मिशा पांढऱ्या व्हायच्या आधीपासून तारेवरची विमानं उडवायचे. स्पर्धांना जायचे आणि नंबर काढायचे. इंजिन मात्र मधुकरांनीच लावलेलं हवं. "उस्तादांनी लावलं की मी डोळं झाकून वर जातो," म्हणायचे. आमच्याकडे जेवायला आले की भाकरी मागून खायचे आणि मेसच्या पुऱ्यांना शिव्या घालायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नोएडात नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. मधुकरांनी तो निवडला समोरच्या रिकाम्या जमिनीसाठी. घर बघायला गेलो तेव्हा मी स्वयंपाकघर बघत होते आणि हे गच्चीतून मैदान. "चलो, हेच घ्यायचं," म्हणाले. पाणी येतं का, बस कुठे थांबते, काही विचारलं नाही. रविवारी सकाळी तिथे सात-आठ जण जमायचे, स्कूटरला विमान बांधून यायचे. मी थर्मासमधून चहा न्यायचे. ती वर्षं चांगली होती. दुकानं परदेशी मालाने भरायला लागली होती. पूर्वी कुणाचा मामा परदेशातून एखादं इंजिन आणायचा, आता लोक स्वतः जाऊन दोन-दोन घेऊन यायचे. आम्हाला वाटलं, आता काम वाढेल.

वाढलंच. खन्नासाहेब आले ते तेव्हाच. नोएडात त्यांचा कपड्यांच्या एक्सपोर्टचा कारखाना होता. नवी गाडी, तेव्हा नुकताच निघालेला मोबाईल, आणि सिंगापूरहून आणलेलं नवं कोरं इंजिन. माणूस मनाने दिलदार, पण घाई फार. नवं इंजिन आधी कामाच्या बाकावर रिच ठेवून थोडं थोडं चालवावं लागतं, गरम करायचं, गार करायचं, तेव्हा त्याचे भाग एकमेकांत बसतात. खन्नांना ते पटत नसे. "उस्तादजी, गाड़ी तो शोरूम से निकलते ही दौड़ती है!" मधुकरांनी त्यांना दाद दिली नाही. सगळं नीट केलं आणि मग रविवारी मैदानावर इंजिन लावलं. दुसऱ्या उड्डाणात ते हवेतच जाम झालं. विमान कसंबसं उतरलं. उघडलं तर पिस्टनवर ओरखडे, आतला रंग करपलेला.

"आपके हाथ से ऐसा?" खन्ना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आश्चर्य होतं, म्हणून ते जास्त लागलं.

मधुकरांनी पिस्टन उजेडात फिरवून बघितला. मग म्हणाले, "तेल कम पड़ा होगा." आणि माझ्याकडे बघितलं.

माझं माप चुकलेलं नव्हतं. त्या डब्यातलंच इंधन जगतापांनी वापरलं होतं, त्यांचं इंजिन ठणठणीत होतं. मी मनातून खूप दुखावले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या मापावर कधी बोट ठेवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आणखी एक इंजिन तसंच परत आलं. मग मी मैदानावर चहा सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. तेव्हा दिसलं. इंजिन चढत होतं, धार आली, इथे त्यांनी थांबून मागे यायला हवं. ते थांबत नव्हते. बोटं सुई आत फिरवतच राहिली, आणि चेहरा असा की कुणाची तरी वाट बघतोय. त्यांना जो आवाज ऐकायचा होता तो येऊन गेला होता, आणि त्यांना कळलं नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूला, त्यांच्या समोर उभी राहायला लागले. धार आली की मान हलवायचे. जरा, कुणाला कळू नये इतकी. ते ओझरतं बघायचे आणि हात थांबायचा. काही रविवार असे गेले. एक दिवस मात्र दुकानात ते एकदम म्हणाले,

"तू मान का हलवतेस?"

"कुठे?"

"मैदानावर. माझ्यावर पहारा ठेवतेस?"

"अहो, पहारा कसला..."

"मला कळतं इंजिन. तुला डब्यातलं कळतं, मला इंजिन कळतं." आणि बाहेर जाऊन हॉर्नवाल्यापाशी उभे राहिले. तो गिऱ्हाइकाला हॉर्न वाजवून दाखवत होता. आजूबाजूच्यांनी कानांवर हात ठेवले होते. हे नुसते उभे.

खरं काय ते कळलं आमच्या स्वयंपाकघरात. मी आंघोळीला जाताना कुकर लावला आणि सांगून गेले, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. ते तिथेच टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. आतून मी शिट्ट्या ऐकल्या, तीन झाल्या, चौथी झाली, आणखी झाल्या. तशीच बाहेर आले. कुकर सारखा फुसफुसत होता, आमटीचा करपट वास सुटला होता.

"अहो, किती शिट्ट्या झाल्या?"

"एकपण नाही झाली," ते म्हणाले. तेवढ्यात शिट्टी झाली. वाफेचा झोत वर गेला, तो त्यांनी पाहिला. शिट्टीचं वजन उचललेलं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बंद केला. ते खुर्चीत बसून कुकरकडेच बघत राहिले. वाफ सगळी निघून गेली तरी बघत होते.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"आधी पाखरं गेली," ते म्हणाले. "मला वाटलं, इकडे बांधकामं वाढली म्हणून कमी झाली असतील."

इस्पितळात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाई तरुण होत्या, सभ्य होत्या. म्हणाल्या, "अंकल, पहले क्या काम करते थे?" ह्यांनी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जेट इंजिनाशेजारी काढलेली वर्षं, आणि नंतर ही आमची छोटी इंजिनं. आतली नसच गेलेली. वरचे सूर आधी जातात, मग हळूहळू खालचे. पुन्हा येत नाहीत. यंत्र लावा, बोलणं थोडं कळेल.

यंत्र आणलं. त्याने माझं बोलणं त्यांना बरंच कळायला लागलं. पण मैदानावर इंजिन सुरू झालं आणि त्यांनी कान दाबून धरला. "पत्र्याच्या डब्यात खडे टाकून कुणी हलवतंय," म्हणाले. यंत्र काढून खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी एकाही इंजिनाला हात लावला नाही.

आठवडाभर दुकान बंद होतं. मग एका सकाळी ते माझ्या आधी तयार होऊन बसले. बाकावर इंजिन बसवलं, टाकी भरली, आणि मला म्हणाले, "ये. आता तू लाव."

"मला नाही जमणार."

"तुला ऐकू येतं," ते म्हणाले. "बाकीचं मी शिकवतो."

आणि शिकवलं. पंख्याचा मार पहिल्याच दिवशी बसला, माझ्या तर्जनीवर अजून वण आहे. त्यांनी हळद लावली, पट्टी बांधली आणि लगेच दांडा पुन्हा माझ्या हातात दिला. मला आवाज ऐकू यायचा, पण त्याला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. ते विचारायचे, "कसा आहे?" मी म्हणायचे, "मोठा आहे." ते वैतागायचे. "मोठा म्हणजे काय? अडखळतोय का? मधला ठोका जातोय का? की सलग आहे?" मग मी शोधून शोधून सांगायला लागले. कुकर गॅसवर खदखदतो तसा. मांजर गुरगुरतं तसा. नवं कापड सरळ फाडतात तसा. कापडाचं सांगितलं की ते झटकन हात वर करायचे, "बस! आता मागे ये." बाकावर तळवा ठेवून बसायचे. थरथर त्यांना कळायची, पण ती कळून पुरत नाही, धार तळव्याला समजत नाही. मी ऐकून सांगायचे, ते माझ्या सांगण्यावरून इंजिन ओळखायचे. खूप दिवस गेले. मग एक दिवस मी त्यांना काही न सांगता सुई मागे आणून थांबवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ह्या वेळी ते रागावले नाहीत.

गिऱ्हाइकांना पटायला वेळ लागला. खन्ना म्हणाले, "भाभीजी करेंगी? अच्छा... अगली बार देखते हैं." पुढच्या वेळी ते आले नाहीत. आणखीही काही जण आले नाहीत. कुणी वाईट बोललं नाही, नुसते यायचे थांबले. जगताप मात्र आपलं इंजिन माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "वैनी, आता तुमीच लावा. परवा स्पर्धा हाय."

"भाऊजी, ह्या वेळी दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"दुसरा कोन? तुमी लावा, मी उडवतो. पडलं तर माजं इमान पडंल."

स्पर्धा छावणीच्या मोठ्या मैदानावर होती. मी साडीचा पदर खोचून गवतात बसले, मधुकर शेजारी गुडघे टेकून विमान धरून. आजूबाजूला इतकी इंजिनं चालू होती की आपलं कुठलं तेच कळेना. डोळे मिटले. सुई आत नेली, मागे आणली. त्यांनी नाक वर केलं, आवाज किंचित चढला. मी अंगठा दाखवला. जगताप मधोमध जाऊन उभे राहिले, आणि विमान सुटलं. सरळ वर, उलटं, आडव्या आठाच्या आकारात, पुन्हा वर. नाक वर झालं की आवाज स्वच्छ व्हायचा, खाली आलं की जरा सैल. एकदाही अडखळलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पुसतही नव्हते.

जगतापांचा पहिला नंबर आला. लोक आले ते सवयीने मधुकरांकडे. "उस्ताद, क्या इंजन लगाया है!" त्यांचे ओठ ह्यांनी वाचले आणि हाताने माझ्याकडे दाखवलं. "इन्होंने," म्हणाले. चारचौघांत, मोठ्याने. आपला आवाज किती मोठा होतोय ते त्यांना तेव्हा कळायचं नाही.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "छान लागलं असेल ना?"

त्या 'असेल'ने माझ्या आनंदाचं पाणी झालं. मी त्यांचा हात धरला. बसमध्ये आम्ही कधी हात धरले नव्हते.

त्यानंतर काम हळूहळू आटत गेलं. आमच्या दोघांमुळे नव्हे, कामच संपत होतं. बाटलीबंद इंधन मिळायला लागलं. मग बॅटरीवर चालणारी तयार विमानं आली, खोक्यातून काढा आणि उडवा; आवाज नाही, तेल नाही. त्यात वाईट काय आहे? मुलांची बोटं तरी वाचली. समोरच्या जमिनीवर खांब रोवले गेले, एका कडेला इमारतीही उठल्या. नव्या इमारतीतले लोक रविवारी उशिरापर्यंत झोपायचे. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. चांगले गृहस्थ, हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, बहुत शोर होता है." मधुकर त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "आवाज होतो म्हणतायत."

ते खिन्नपणे हसले. "होत असेल," म्हणाले. तेव्हा त्यांना माझं बोलणंही यंत्र लावून जेमतेम कळत होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेही गेलं.

करोल बागेची खोली सोडली. बाक हॉर्नवाल्याला दिला. त्यानंतर वर्षभराने जगताप निरोप घ्यायला आले. पेन्शनीत निघाले होते, सामान गावी रवाना झालं होतं. सोबत एक विमान तेवढं ठेवलं होतं. "मैदानाला कुंपन पडायच्या आदी येकदा उडवू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. जमिनीचा तुकडाच उरला होता, एका गोलापुरता. पलीकडे विटांचे ढीग होते, सिमेंट कालवायचं यंत्र होतं.

जगतापांनी मूठ मधुकरांच्या हातात दिली. खुणेनेच सांगितलं: तुम्ही.

मधुकर पूर्वी उडवायचे, पण दुकान काढल्यापासून सहसा नाही. त्यांनी मूठ घेतली, मधोमध जाऊन उभे राहिले आणि पाय रोवून तार ताणून बघितली. मी इंजिन लावायला बसले. घरात डब्याच्या तळाशी उरलेलं इंधन आणलं होतं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, डबा किती दिवस अर्धवट उघडा होता कोण जाणे. इंजिन पेटलं, पण लागेना. सुई आत नेली तर एकदम सुकं, मागे आणली तर ठसका. मधली जागाच सापडेना. नाक वर केलं की आवाज बसायचा. मी जगतापांना म्हटलं, "भाऊजी, नको. आज राहू दे."

जगतापांनी मान वर करून बघितलं. मधोमध मधुकर उभे होते, हात पुढे, डोळे विमानावर. आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली: सोडा.

जगतापांनी विमान सोडलं.

ते उठलं. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग खोकायला लागलं, मध्येच जोर जायचा, मध्येच यायचा. वाऱ्याच्या बाजूला आलं की तार ढिली पडतेय असं वाटायचं. ओरडून सांगायची सोय नव्हती. मधुकर सावकाश फिरत होते. त्यांनी नाक वर घेतलं. मोठी गिरकी नाही, साधी चढण. इंजिन वर जाताना इतकं अडखळलं की जगतापांनी माझा दंड धरला. विमान वरच्या वर हललं आणि कसंबसं खाली आलं. आणखी थोड्या फेऱ्या. मग इंजिन बंद पडलं.

मैदान एकदम शांत झालं. त्यांना कळलं असेल का? विमान नुसतंच तरंगत येत होतं. मग मी पाहिलं, त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, आणखी एक घेतलं. हात छातीशी ओढला. तार ताठ राहिली. विमान गवताला टेकलं, घसरलं आणि सरळ उभं राहिलं.

आम्ही त्यांच्याकडे धावलो. मधुकरांचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता. कित्येक वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस?" ते मोठ्याने म्हणाले. "वर जाताना कसं स्वच्छ झालं ते? आणि खाली आलं की पुन्हा सैल. शेवटच्या थेंबापर्यंत तसंच! मला सगळं ऐकू येत होतं. सगळं!"

जगतापांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून तारा गुंडाळायला घेतल्या.

मी मधुकरांच्या समोर गेले, माझे ओठ त्यांना नीट दिसतील अशी उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "हो. मीही ऐकलं. खूप छान लागलं होतं."

"तूच लावलं होतंस," ते म्हणाले, आणि पंखांवर उडालेलं तेल खिशातल्या रुमालाने पुसायला बसले.